कसणारा एक, कागद दुसऱ्याचा : मावळ-मुळशीच्या लढ्यांची हकीकत



लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून पासष्ट किलोमीटरवर, पुणे शहरात तोच आकडा सातशेच्या आसपास येतो. आपले मावळ आणि मुळशी हे तालुके या दोन आकड्यांच्या मध्ये बसलेले. एवढे पाणी डोक्यावर पडत असताना एप्रिल-मेमध्ये उभ्या उसाला ताण का बसतो, नदीकाठच्या मोटारींचे फूटव्हॉल्व्ह उघडे का पडतात, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला आहे. पाऊस पडतो तो जातो कुठं?

याचे एक उत्तर घाटाखाली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी निसर्गाने पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात यावे असे केलेले. इंद्रायणी, आंद्रा, पवना, मुळा या सगळ्या नद्या पूर्वेला वाहतात. परंतु गेल्या शंभरांहून अधिक वर्षांपासून त्यातला मोठा वाटा माथ्यावरच अडवून, बोगद्यांतून आणि नळांतून पश्चिमेला कोकणात सोडला जातो. हे कसे झाले, कोणी होऊ दिले, कोणी अडवले आणि अडवणारे का हरले, याची हकीकत आपल्या शिवारातलीच आहे. शाळेच्या पुस्तकात तिला चार ओळी मिळतात. म्हणून ती सविस्तर सांगावी असे आम्हांला वाटले.

तसे पाहिले तर मावळचा माणूस इंग्रजांशी पहिल्यांदा भिडला तो १७७९ साली. रघुनाथरावाला पेशवाईच्या गादीवर बसवायचे म्हणून मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून खंडाळ्याला आली. बरोबर जड तोफा आणि सामान वाहणारे हजारो बैल. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनी समोरासमोर मोठी लढाई न देता या फौजेला पुढे पुढे येऊ दिले. तिची रसद तोडली, वाटेतली गावे रिकामी केली, धान्य आणि वैरण जाळून टाकली. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या शौर्याचे आपल्या लोकांना इतके कौतुक वाटले, की शत्रू असूनही ‘इष्टुर फाकडा’ म्हणून तो लोकांच्या तोंडी राहिला. ९ तारखेला फौज तळेगावला पोचली, तर गाव जळलेले आणि खायला काही नाही. दोन दिवसांनी रात्रीच्या अंधारात जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून इंग्रज माघारी निघाले, ते वडगावला चहूबाजूंनी कोंडले गेले. १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. जिंकलेला मुलूख परत करण्याचे त्यांनी कबूल केले आणि पुढे वरिष्ठांनी तो तह मानला नाही म्हणून हात वर केले. कागदाची किंमत कोणाच्या लेखी किती, हे मावळाने तेव्हाच पाहिले.

वडगावच्या विजयाचा अभिमान आपल्याला आहेच आणि असायलाच हवा. पण एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. जाळलेले धान्य होते कोणाचे? ते पेशव्यांच्या कोठारातले नव्हते. ते खंडाळ्यापासून तळेगावपर्यंतच्या कुणब्याच्या कणगीतले होते. जानेवारी महिना म्हणजे भात नुकते झोडून घरात आलेले. त्या वर्षी पुढच्या पावसापर्यंत मावळात लोकांनी काय खाल्ले असेल, याचा विचार आम्ही शेतकरी म्हणून करतो.

१८१८ च्या मार्चमध्ये लोहगड-विसापूर इंग्रजांकडे गेले आणि कंपनीचा अंमल बसला. पुणे जिल्हा असा कागदावर आखला गेला, तालुके पडले, मोजणी झाली. पुढची साठ वर्षे या जिल्ह्यात बंडाचा धूर कुठे ना कुठे निघतच राहिला. पुरंदराच्या बाजूला उमाजी नाईकांनी रामोश्यांना घेऊन सरकारला झुंजवले, ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी झाली. जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगरांत आणि त्याला लागून असलेल्या नगर-ठाण्याच्या मुलखात कोळ्यांचे उठाव झाले. त्यांचे म्होरके राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्यात फाशी दिले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. ही नावे सर्वांना पाठ आहेत, त्यांच्यावर पोवाडे आहेत, पुतळे आहेत. आम्ही इथे त्यांवर जास्त लिहीत नाही.

आपल्या हकीकतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १८७५ चा दंगा, कारण त्याला पुतळा नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. गंमत अशी, की जमावाला पैसा-अडका, दागदागिने यांच्यापेक्षा कागद हवे होते. खतपत्रे, गहाणखते, हुकूमनामे मागून घ्यायचे आणि चौकात होळी करायची. दिले तर सावकाराला बहुतेक ठिकाणी हात लावला नाही. अंगठा कशावर उठवला हे वाचता येत नव्हते, पण जमीन त्या कागदावरून जाते हे त्या माणसांना पक्के कळलेले होते. सरकारने चौकशी कमिशन बसवले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना तो आधी लागू झाला.

कायदा आला म्हणून जमिनी परत आल्या असे मात्र नाही. विशेषतः पश्चिमेच्या डोंगरी पट्ट्यात, जिथे भाताशिवाय दुसरे पीक नाही आणि एक पावसाळा हुकला की सावकाराचे दार, तिथे जमीन कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा, अशी रीत पडून गेली. मुळशी पेट्यात तर बरीचशी चांगली खाचरे पुण्यातल्या सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण होती. हे लक्षात ठेवावे, पुढे याचाच फटका बसणार आहे.

मधल्या काळातली एक तळेगावची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वदेशीच्या दिवसांत अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी वर्षाला माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग काढायचा, असा पैसा फंड सुरू केला. लोक हसले. परंतु लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. जपानला जाऊन काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. त्याच तळेगावात प्राध्यापक विजापूरकरांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षण देत होते, ते सरकारने १९१० साली बंद पाडले. काचकारखाना मात्र टिकला. आपण भाग घेऊन कारखाना उभा करतो तेव्हा त्यात काही नवीन करतो असे नाही, मावळात पैशा-पैशाने उद्योग उभा करण्याचे काम आधी झालेले आहे.

आता पाण्याकडे येऊ.

घाटमाथ्यावरचे पाणी उंचावरून खाली सोडून वीज करायची, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीतली. ते १९०४ साली वारले. त्यानंतर टाटांनी कंपनी काढली आणि ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्या हस्ते कामाचा पाया घातला गेला. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तीन तळी बांधली. तिथून पाणी नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीला सोडले आणि १९१५ साली वीज सुरू झाली. ती मुंबईच्या कापडगिरण्यांना गेली. दुसरी योजना आंद्रा खोऱ्याची, ठोकरवाडीचे धरण आणि खाली भिवपुरीचे वीजघर, ते १९२२ साली चालू झाले. अभियांत्रिकी म्हणून हे काम मोठे होते, यात शंका नाही. त्या काळात एवढ्या उंचीवरून पाणी सोडून वीज करणे जगातही फार ठिकाणी झाले नव्हते. मुंबईच्या गिरण्यांचा धूर कमी झाला, दगडी कोळसा वाचला. १९३० च्या १ जूनला मुंबई-पुणे डेक्कन क्वीन धावू लागली ती विजेवरच.

मावळातली भातखाचरे आणि घरे या तळ्यांखाली गेली. मुळशीसारखा लढा त्या वेळी उभा राहिला नाही. सरकार आणि कंपनी दोघे एकत्र आल्यावर कुणब्याने जायचे कुठे? भरपाई जी मिळाली ती घेऊन माणसे वर सरकली. पण शेजारच्या मुळशीकरांनी हे पाहिले, आणि तिसऱ्या योजनेची पाळी त्यांच्यावर आली तेव्हा ते गप्प बसले नाहीत.

तिसरी योजना मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमावरची. मुळशी पेटा तेव्हा हवेली तालुक्याचा भाग होता, कचेरी पौडला. खोरे अरुंद, दोन्ही अंगाला डोंगर, मध्ये आंबेमोहोर भाताची खाचरे. वास असा, की म्हणे एका घरात भात शिजला तर सगळ्या आळीला कळावे. या खोऱ्यातली पन्नासच्या वर गावे धरणाने बाधित होणार होती आणि दहा हजारांहून जास्त माणसांना उठावे लागणार होते. १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता. ‘सार्वजनिक हेतू’ हे दोन शब्द लिहिले की सरकार कोणाचीही जमीन घेऊन कंपनीला देऊ शकत होते. त्यातही संपादनाची रीत पुरी होण्याआधीच कंपनीची माणसे शेतात येऊन चाचणीचे खड्डे खणू लागली. ज्याच्या खाचरात खड्डा पडला त्याला कोणी विचारलेही नाही. भडका उडाला तो इथे.

विनायकराव भुस्कुटे या कार्यकर्त्याने गावोगाव फिरून लोकांना जागे केले. पुण्यात सभा झाल्या, शिवरामपंत परांजपे, न. चिं. केळकर असे मोठे पुढारी पाठीशी आले. आणि पांडुरंग महादेव बापट आले. बापट मूळचे पारनेरचे, एडिंबरोला शिकायला गेलेले, पॅरिसमधून बॉम्बची विद्या घेऊन परतलेले. पण पारनेरला हातात खराटा घेऊन गल्ल्या झाडणारा माणूस म्हणूनच लोक त्यांना आधी ओळखत. ‘सेनापती’ हे नाव त्यांना दिले ते मुळशीच्या लढ्याने.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. बाराशेच्या आसपास माणसे धरणाच्या जागेवर चालत गेली आणि कामाच्या मधोमध बसली. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. बायका होत्या, म्हातारी माणसे होती. काम थांबले. सुमारे महिनाभर मावळ्यांनी धरण बंद ठेवले, हातात काठीसुद्धा न घेता. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टाटांना उद्देशून लिहिले, की कायद्याने मिळालेल्या हक्कावर बोट ठेवून बसण्यापेक्षा या लोकांशीच बोलून त्यांची समजूत काढावी. शेवटी कंपनीने सहा महिने काम थांबवण्याचे मान्य केले. आपल्या खोऱ्यातल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी मुंबईच्या सर्वांत मोठ्या भांडवलदाराला थांबवले, ही गोष्ट साधी नाही. पुण्याच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे दिवंगत राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच त्यांनी हा जगातला पहिला धरणविरोधी लढा असल्याचे म्हटले आहे. नर्मदेच्या आंदोलनाच्या साठ वर्षे आधी.

मग हा लढा हरला कसा? कंपनी बलवान होती, सरकार तिचे होते, हे उत्तर खरे आहे पण अर्धे आहे. उरलेले अर्धे आपल्याला जास्त लागू पडते.

सहा महिन्यांची मुदत मिळाली ती शेतकऱ्यांना जिंकल्यासारखी वाटली. प्रत्यक्षात त्या काळात भरपाईच्या वाटाघाटी चालल्या. भरपाई कोणाशी बोलायची? ज्याचे नाव कागदावर त्याच्याशी. आणि कागदावर नाव होते सावकाराचे. त्याला मुळशीच्या मातीचे काय? खाचर असले तर धान्याचा वाटा येतो, बुडाले तर रोख येते. रोखीचा आकडा जितका वाढेल तितके चांगले. सरकारनेही भरपाईचा दर वाढवून दिला. त्यामुळे जमीन देऊच नये म्हणणारे एकीकडे आणि दर चांगला मिळत असेल तर देऊन मोकळे व्हावे म्हणणारे दुसरीकडे, अशी फूट पडली. पुण्यातले काही पुढारी दुसऱ्या बाजूला झुकले. ज्या कुळाचा बाप-आजा तिथे राबला त्याचे नाव कुठेच नव्हते. ज्याची थोडी स्वतःची जमीन होती ती गहाण, म्हणजे भरपाईतून आधी सावकाराचे देणे वळते व्हायचे. बैठ्या सत्याग्रहात बसणारा एक आणि सही करणारा दुसरा. अशी लढाई कोणता सेनापती जिंकेल?

डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. या वेळी सरकार तयारीत होते. सत्याग्रही बसले की उचलायचे, खटला, तुरुंग. बापट आत गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. मावळे शेतकरी, बाया तुरुंगात गेल्या. शंकरराव देवांसारखे कार्यकर्ते यात होते. १९२२, १९२३ सरले तशी माणसे कमी होत गेली. एकेक गावाने भरपाई घेतली. भिंत वर येत होती, पाणी चढत होते. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी मोजक्या साथीदारांसह कंपनीच्या रेल्वेच्या रुळावर दगड रचून गाडी अडवली, आणि या वेळी हातात हत्यार घेतले. त्यांना सात वर्षांची सजा झाली, सुटले ते १९३१ साली. शस्त्र उचलणे बरोबर की चूक यावर तेव्हाही वाद झाला, आजही होतो. आमचे मत विचाराल तर ते हत्यार लढा जिंकण्यासाठी उचललेले नव्हतेच. मागे कोणी उरले नाही हे कळलेल्या माणसाने केलेला तो शेवटचा निषेध होता.

१९२७ साली मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरात पडू लागले. आजही पडते. तिथून कुंडलिका नदी बारमाही वाहते, कोलाडच्या बाजूची भातशेती त्यावर भिजते, आणि भिऱ्याला पाणी सोडले की शहरातली पोरे रबरी होड्या घेऊन त्या लाटांवर खेळायला जातात. त्यांच्यावर आमचा राग नाही. पण ते पाणी कोणत्या खोऱ्यातले आहे, हे त्या होडीत बसलेल्या कितीजणांना ठाऊक असेल?

उठलेली माणसे काही जलाशयाच्या कडेला डोंगरावर सरकली. वरकस जमीन, नाचणी-वरई, आणि खाली पाण्यात गेलेले आंबेमोहोर. काही दुसरीकडे गेली. मुंबईचा रस्ता तर मावळ-मुळशीच्या माणसाला आधीपासून माहीत होता. गिरणी, गोदी, डबेवाल्यांची टोळी. मुंबईच्या डबेवाल्यांत आजही मावळ, मुळशी, खेड, जुन्नरचीच माणसे मोठ्या संख्येने आहेत. ज्या गिरण्या आपल्या पाण्यावर चालत होत्या त्यांच्या दारात आपलीच माणसे डबे पोचवत होती.

मुळशीने हरून काय मिळवले, असे कोणी विचारले तर आम्ही दोन-तीन तारखा सांगू. कसणाऱ्याचे नाव कागदावर यावे यासाठीचा मुंबईचा कुळवहिवाट कायदा १९४८ साली झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे कायद्याने मालक ठरली. मुळशी बुडाल्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती. धरणग्रस्तांना जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचा पुनर्वसन कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, तोही देशात पहिला. आणि ज्या १८९४ च्या कायद्याने मुळशी घेतली तो बदलायला २०१३ साल उजाडावे लागले. नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात बाधितांची संमती, वाढीव मोबदला, कसणाऱ्या कुळाचा आणि मजुराचाही विचार, हे सगळे आले. मुळशीच्या शेतकऱ्याने १९२१ मध्ये हेच मागितले होते.

पण कायदा आणि अंमल यांत अंतर असते हे आपल्याला पवनेने दाखवले. पवना धरण आपल्याच सरकारने बांधले, १९७० च्या दशकात ते पुरे झाले. त्याचा लाभ आपण नाकारत नाही. पवनेच्या काठावर भातापलीकडे ऊस उभा राहिला तो त्याच पाण्यावर, नदीत पाणी सुटते म्हणून दोन्ही तीरांवरच्या उपसा योजना चालतात. परंतु ज्यांची जमीन त्या पाण्याखाली गेली त्यांतल्या शेकडो खातेदारांचे पुनर्वसन अनेक दशके रखडले. उन्हाळ्यात पाणी उतरले की पवनेच्या जलाशयातून वाघेश्वराचे जुने देऊळ वर येते. दर्शनाला गर्दी होते, फोटो निघतात. तिथल्या जुन्या गावकऱ्याला त्या देवळावरून आपले शिवार कुठे होते ते बोटाने दाखवता येते. सातबारावर ते दाखवता येत नाही.

आणि मग ९ ऑगस्ट २०११. क्रांतिदिन. पिंपरी-चिंचवड शहरासाठी पवना धरणातून थेट बंद नळाने पाणी न्यायची योजना होती. शेतकऱ्यांचे म्हणणे सरळ होते. शहराला पाणी द्या, पण ते नदीतून जाऊ द्या. नदी वाहिली तर काठच्या विहिरी जिवंत राहतात, मोटारी चालतात. नळ टाकला तर पाणी आपल्या डोळ्यांसमोरून जाईल आणि हात लावता येणार नाही. बौरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मरण पावले. त्यांत एक बाई होती. मुळशीच्या सत्याग्रहात इंग्रजांनी तुरुंगात घातले, गोळ्या घातल्या नव्हत्या. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिले पाहिजे. त्यानंतर ते काम अनेक वर्षे थांबले.

शहर वाढले, त्याला प्यायला पाणी लागते, हे कोणी नाकारत नाही. आपलीही मुले त्या शहरात राहतात. प्रश्न विचारण्याचा आहे. १९२१ मध्ये खड्डा खणण्याआधी विचारले नाही, आणि नव्वद वर्षांनी नळ टाकतानाही विचारणे तोकडे पडले. टाटांच्या धरणांतले पाणी पश्चिमेला न सोडता पुन्हा भीमेच्या खोऱ्यात यावे, अशी मागणी पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतून गेली काही वर्षे होत आहे. ती रास्त आहे असे आमचे मत आहे. मात्र ते पाणी वळून आलेच तर वाटेतल्या मावळ-मुळशीच्या शेताला त्यातले किती आणि शहराला किती, हे आधी ठरवून घ्यावे लागेल. खाली सोलापूरपर्यंत सगळेच तहानलेले आहेत.

शेवटी कागदाकडे येतो, कारण मुळशी कागदावर हरली. गेल्या काही वर्षांत रिंगरोडच्या मोजण्या आपल्या गावांतून झाल्या, तळेगावच्या बाजूला औद्योगिक वसाहत वाढते आहे. मोबदल्याची वेळ आली की घरोघर एकच धावपळ दिसते. जमीन आजोबांच्या नावावर, आजोबा वारून तीस वर्षे झाली, वारसनोंद नाही. चार भावांत वाटप तोंडी झालेले, फेरफार नाही. ऊस एक भाऊ लावतो, नाव मुंबईतल्या भावाचे. बहिणींची नावे लागलेली नाहीत किंवा लागली आहेत आणि त्यांना कोणी सांगितलेले नाही. खंडाने किंवा वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणारे तर आपल्यात कितीतरी आहेत, त्यांच्या हातात चिठ्ठीसुद्धा नसते. सोयरिकीत कागद कशाला, असे म्हणतात. म्हणोत.

हीच स्थिती भागांची. ऊस नोंदवायला नातू येतो आणि भाग आजोबांच्या नावावर. मयत सभासदाचे भाग वारसाच्या नावावर करून घेण्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसनोंदीचा फेरफार, चालू सातबारा व आठ-अ आणि इतर वारसांची संमती लागते. लागणीच्या नोंदी सुरू होण्याआधी सभासदांनी ही कागदपत्रे आपापल्या गट कार्यालयात द्यावीत. अर्जाचे नमुने तिथेच मिळतात.